फ्रेंच वाइनच्या बाटलीचा सातबारा कसा वाचावा

बाटली हातात घेतली की आधी तिच्यावरची सगळ्यात बारीक अक्षरातली ओळ शोधा. किल्ल्याचं चित्र, सोनेरी पदक, वळणदार अक्षरातलं भारदस्त नाव हे सगळं नंतर. मी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात राहायला आले तेव्हा नेमकं उलटं करत असे. सुपरमार्केटच्या फळीवरून पदकवाली बाटली उचलायची, घरी येऊन उघडायची आणि दोन घोटांनंतर उरलेली रश्श्यात ओतायची. पदकं देणाऱ्या स्पर्धा या देशात पोत्यानं आहेत, हे कळायला मला वर्ष लागलं.

ती बारीक ओळ बहुधा लेबलाच्या तळाशी असते आणि ‘मिझाँ बुतेय’ या शब्दांनी सुरू होते. म्हणजे बाटलीत कुठे भरली. पुढे ‘ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’, म्हणजे मळ्यावरच, असेल तर ज्याची द्राक्षं, त्यानंच वाइन केली आणि त्यानंच ती बाटलीत भरली, असं समजा. ‘आ ला प्रॉप्रिएते’ असेल तर जरा थांबा; ती एकट्या मळेवाल्याची असू शकते, तशी सहकारी संस्थेचीही. सहकारी म्हणून नाक मुरडू नका. शाब्लीची ‘ला शाब्लिझिएन’ ही संस्था १९२३ पासून शेकडो सभासदांची वाइन करते आहे आणि तिच्या बाटल्या मी बिनधास्त घेते. ‘दाँ ला रेज्यों द प्रॉडक्स्यों’ याचा अर्थ मात्र एवढाच की त्या भागात कुठेतरी भरली. अशी बाटली बहुधा व्यापाऱ्याची असते. त्याला इथे नेगोसियाँ म्हणतात. चांगले नेगोसियाँ आहेत, पण मग त्याचं नाव तुम्हाला माहीत हवं.

त्याच ओळीत गावाचं नाव किंवा पोस्टाचा पाच आकडी क्रमांक सापडतो. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे जिल्हा: ३३ म्हणजे बोर्दोचा झिरोंद, २१ आमचा कोत-दोर, ३९ ज्युरा, ५१ शाम्पेनचा मार्न, ६८ अल्सासचा दक्षिण भाग. वाइन एकीकडची आणि क्रमांक दुसऱ्या टोकाचा असेल तर ती कुणीतरी घाऊक विकत घेऊन भरली आहे, हे ओळखावं. शाम्पेनच्या लेबलावर तर दोन टिचभर अक्षरंच सगळं सांगतात. ‘आर एम’ म्हणजे स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतः शाम्पेन करणारा, ‘एन एम’ म्हणजे द्राक्षं विकत घेणारं घराणं, ‘सी एम’ म्हणजे सहकारी. जाहिरातीत दिसणारी बहुतेक मोठी नावं ‘एन एम’ असतात. त्याच पैशांत ‘आर एम’ची बाटली मिळत असेल तर मी डोळे मिटून ती घेते.

आता जमिनीकडे. फ्रेंच माणूस वाइनला द्राक्षाच्या जातीनं हाक मारत नाही, गावाच्या नावानं मारतो. याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा नावाच्या किडीनं द्राक्षबागा साफ केल्या, वाइनचा तुटवडा पडला आणि भेसळीला ऊत आला. कुठलीही वाइन कुठल्याही नामांकित गावाच्या नावावर खपू लागली. शेवटी १९३५ मध्ये कायदा झाला आणि १९३६ पासून गावागावाला ‘आपेलासिओं’ मिळू लागली. अमुक हद्दीतलीच द्राक्षं, अमुकच जाती, हेक्टरी अमुक इतकंच उत्पादन, असे तिचे नियम. म्हणून सांसेर म्हटलं की पांढऱ्यात सोव्हिन्यों ब्लाँच असणार, शाब्ली म्हटलं की शार्दोनेच, मॉर्गों म्हटलं की गामे. जात लेबलावर लिहायची गरजच त्यांना वाटत नाही. अपवाद अल्सासचा. तिथे जात ठळक लिहितात, त्यामुळे नवख्यानं सुरुवात अल्सासपासून करायला हरकत नाही.

खरी गंमत बुर्गोन्यमध्ये, म्हणजे आपण ऐकलेल्या बर्गंडीत. इथे उतरंड चार पायऱ्यांची: साधी ‘बुर्गोन्य’, मग गावाची, मग गावातल्या चांगल्या तुकड्याची ‘प्रमिए क्र्यु’ आणि डोक्यावर ‘ग्राँ क्र्यु’. ग्राँ क्र्यु अवघ्या ३३. मी पहिल्याच वर्षी पाहुण्यांसाठी ‘जव्रे-शाँबेर्तँ’ आणली आणि ही नेपोलियनची आवडती वाइन, असं ठोकून दिलं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं बाटली फिरवून पाहिली आणि गावाच्या नावातल्या जोडरेघेवर नख ठेवलं. नेपोलियनची ती ‘शाँबेर्तँ’, नुसती. जव्रे हे गाव, आणि या गावानं १८४७ मध्ये आपल्या नामांकित मळ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं. आडनाव लावल्यासारखं. पुढे शेजारच्या गावांनीही तोच कित्ता गिरवला: शाँबोल-म्युझिन्यी, व्हॉन-रोमाने. म्हणजे ज्याच्यावर गावाचं नाव आणि मळ्याचं नाव जोडरेघेनं एकत्र, ती गावाची वाइन; आणि जिथे मळ्याचं नाव एकटं उभं, ती बहुधा ग्राँ क्र्यु. पहिली पन्नासेक युरोंना मिळते, दुसरीची किंमत शेकड्यांत जाते. एवढी महाग जोडरेघ मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि मळ्याचं नाव कळलं म्हणजे झालं असंही नाही. क्लो द वूजो घ्या. सिस्टर्सियन भिक्षूंनी भिंत घालून राखलेला पन्नासेक हेक्टरांचा एक मळा. क्रांतीत तो सरकारजमा झाला, विकला गेला, पुढे वारसांत आणि खरेदीदारांत वाटण्या होत होत आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाकडे वेलींच्या चार-सहा ओळीच. वरच्या अंगाचा, वाड्याजवळचा भाग निचऱ्याचा; खालचा, रस्त्याला लागून असलेला भाग चिकण आणि ओल धरणारा. लेबलावर सगळ्यांच्या एकच ‘ग्राँ क्र्यु’. एकाच गटाचे ऐंशी पोटहिस्से, असं म्हटलं की आपल्याला लगेच कळतं. मळ्यातला तो वाडा मात्र वाइन करत नाही. तो तास्तव्हँ नावाच्या वाइनप्रेमींच्या मंडळाकडे आहे.

म्हणून माझा नियम असा की गाव लक्षात ठेवायचं, पण पैसे माणसाच्या नावाला द्यायचे. चांगला विन्यरों, म्हणजे आपला द्राक्षबागायतदारच, सापडला की त्याची सगळ्यात स्वस्त साधी ‘बुर्गोन्य’ आधी घ्यावी. तीच कशीतरी उरकलेली असेल तर वरच्या बाटल्यांवर खर्च करू नये. नावं कुठून मिळवायची, तर ‘काव्हिस्त’कडून, म्हणजे निव्वळ वाइनचं छोटं दुकान चालवणाऱ्याकडून. त्याला ‘चांगली वाइन द्या’ म्हणू नका. काय शिजवणार आहात, किती युरो घालणार आहात आणि मागच्या खेपेला काय आवडलं नाही, एवढं सांगा. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते.

बोर्दोवर मी फार वेळ घालवत नाही. तिथल्या मळ्यांची १८५५ ची क्रमवारी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी तेव्हाच्या भावांवरून लावली, आणि पहिल्या वर्गात तेव्हापासून एकच ठळक बदल झाला: १९७३ मध्ये मूतों-रॉथशील्ड या मळ्याला बढती मिळाली. नकाशावर मात्र पोमरोल शोधून ठेवा. तिथे कुठलीच सरकारी क्रमवारी नाही, तरी पेत्र्युससारखी जगभर नावाजलेली महागडी वाइन तिथलीच. आणि ‘शातो’ या शब्दानं दिपून जाऊ नका. वाइन त्याच मळ्याच्या द्राक्षांची आहे, इतकंच तो सांगतो. मागे राजवाडा असेल किंवा पत्र्याची शेड.

कमी पैशांत शिकायचं असेल तर बुर्गोन्यच्या दक्षिणेचा बोजोले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ‘नूव्हो’, म्हणजे त्याच वर्षीची कोवळी वाइन, नव्हे. तिथल्या दहा ‘क्र्यु’ भागांची. मॉर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ अशी त्या भागांची नावंच लेबलावर असतात, ‘बोजोले’ हा शब्द कित्येकदा नसतोच, त्यामुळे लोक पुढून निघून जातात. बुर्गोन्यचा ड्यूक फिलिप यानं १३९५ मध्ये याच गामे द्राक्षाला आपल्या मुलखातून हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता. द्राक्ष दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटवर गेलं आणि तिथे त्याचं भलंच झालं. या बाटल्या थोड्या गार करून, फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून प्याव्यात.

माझी आवड विचाराल तर ज्युरा. दिजाँहून गाडीनं दीड तासाच्या आत आर्बुआ येतं, लुई पाश्चरचं बालपण गेलं ते गाव. १९३६ च्या पहिल्याच खेपेत आपेलासिओं मिळालेल्यांत ते होतं. इथली ‘व्हँ जोन’, पिवळी वाइन, सावान्यँ द्राक्षाची. पिंपातली वाइन उडून कमी होते तशी इतर ठिकाणी भर घालतात; इथे मुद्दाम घालत नाहीत. मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची पातळ साय धरते आणि तिच्याखाली ती वर्षानुवर्षं मुरते. कापणीपासून सहा वर्षं तीन महिने होईपर्यंत ती विकायला येत नाही. लिटरभरातलं जे उरतं ते ६२ सेंटिलिटर, म्हणून तिची क्लाव्हलँ नावाची बुटकी, रुंद खांद्यांची बाटली तेवढ्याच मापाची. पहिला घोट घेतलात की बाटली खराब निघाली असं वाटेल. अक्रोड, सुकलेलं सफरचंद, काहीशी मेथीची झाक. परत करायला जाऊ नका. सोबत जुन्या कोंते चीजचा तुकडा खा आणि मग दुसरा घोट घ्या. उघडलेली बाटली आठवडे टिकते, त्यामुळे चाळीसेक युरो दिसतात तितके जड जात नाहीत.

मळ्यावर जायचं असेल तर फोन किंवा मेल करून वेळ ठरवा. लहान दोमेनमध्ये फोन उचलणारा, ट्रॅक्टर चालवणारा आणि वाइन ओतणारा एकच माणूस असतो. सप्टेंबरात कापणी असते तेव्हा जाऊच नका. दुपारी बारा ते दोन जेवणाची वेळ. मी एकदा बारा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजवली आणि मला दोनपर्यंत फाटकाबाहेर भिंतीवर बसावं लागलं. गाडी चालवणाऱ्यानं थुंकायलाच हवं. इथे रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे, नव्या परवानाधारकांना ०.२. थुंकण्यासाठी बादली ठेवलेलीच असते, कुणाला त्याचं काही वाटत नाही. दिजाँ ते बोन लोकल गाडी जव्रे आणि न्युई-साँ-जॉर्जला थांबते, तिचा विचार करा.

तळघरात नेलं तर अंगात स्वेटर असू द्या. माझ्या पहिल्या तळघरात बाईंनी पिंपाचं रबरी बूच काढलं, काचेची लांब नळी आत सोडली, वरच्या टोकावर अंगठा दाबून वाइन उचलली आणि माझ्या पेल्यात दोन बोटं सोडली. अजून तयार न झालेली, जिभेला ओरखडे काढणारी. उरलेल्याचं काय करायचं म्हणून मी बादली शोधू लागले, तर बाईंनी आपल्या पेल्यातली उरलेली सरळ पिंपात परत ओतली आणि माझ्या पेल्यासाठी हात पुढे केला. उष्टी! मी पेला घट्ट धरून ठेवला. बाई म्हणाल्या, वर्षाची मेहनत आहे, सांडायची कशाला, अल्कोहोल सगळं निस्तरतं. हा इथला जुना रिवाज, पण पिंपातून काढलेल्या वाइनपुरताच. बाटलीतल्या वाइनचं उरलेलं बादलीतच जातं.

चाखून झाल्यावर काही घेतलं पाहिजे का? चाखायचे पैसे आधीच घेतले असतील तर सक्ती नाही. फुकट चाखवली असेल आणि तास दिला असेल तर दोन-तीन बाटल्या घ्याव्यात. दुकानात न मिळणाऱ्या, जुन्या सालच्या घ्या. आणि उन्हाळ्यात त्या डिकीत ठेवून दुसऱ्या मळ्यावर जाऊ नका. जुलैत मी ते केलं. दोन तासांत बूच टोपीतून वर सरकलं आणि एक चांगली प्रमिए क्र्यु नवऱ्याच्या कोटात मुरली. आता मी गोधडी आणि बर्फाच्या दोन पिशव्या बरोबर नेते, आणि पेट्या मागच्या सीटच्या पायाशी ठेवते.