तालमीतला पैलवान रग्बी लीगचा फॉरवर्ड कसा होईल

कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. कबड्डीत पकड झाली की गडी बाहेर. रग्बी लीगमध्ये फॉरवर्डचं, म्हणजे आघाडीला अंगावर जाणाऱ्या गड्याचं, खरं काम पडल्यावर सुरू होतं. चेंडू घेऊन तिघांच्या अंगावर जायचं, पडायचं, तीन सेकंदांच्या आसपास उठून चेंडू पायाने मागे सारायचा आणि पुढच्या धावेसाठी परत जागेवर यायचं. बचावात असाल तर पाडा, उठा, दहा मीटर मागे पळा, पुन्हा पुढे या. मधल्या फळीतल्या चांगल्या फॉरवर्डच्या नावावर एका सामन्यात तीस-चाळीस टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) आणि चेंडू घेऊन दहा-पंधरा धावा असतात, म्हणजे पन्नासेक वेळा जमिनीवरून उठणं आलं. पुण्याच्या पेठांतल्या तालमींत ताकदीची पोरं आहेत, कबड्डीच्या मैदानांवर चपळ पोरं आहेत. दोघांनाही कुणी उठायला शिकवलेलं नसतं. म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करायची.

खेळ आणि जागा

एका बाजूला १३ खेळाडू, ४०-४० मिनिटांचे दोन डाव, चेंडू हातात आला की सहा टॅकलपर्यंत संधी. इंग्लंडच्या उत्तर भागातले क्लब १८९५ साली हडर्सफील्डच्या बैठकीत रग्बी युनियन या मूळ संघटनेपासून वेगळे झाले. वाद होता गिरणी-खाणीतल्या खेळाडूंचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही, याचा. १९०६ मध्ये १५ चे १३ खेळाडू केले आणि टॅकलनंतर उठून पायाने चेंडू खेळण्याचा नियम आणला. फॉरवर्डचं आजचं सगळं काम त्या नियमातून आलेलं आहे.

फॉरवर्ड सहा असतात. ८ आणि १० नंबरचे प्रॉप, ९ नंबरचा हूकर, ११ आणि १२ सेकंड रो, १३ नंबरचा लूज फॉरवर्ड, ज्याला ऑस्ट्रेलियात लॉक म्हणतात. व्यावसायिक प्रॉप साधारण १०० ते ११५ किलोचा असतो, सेकंड रो ९५ ते १०५, हूकर बऱ्याचदा ९० च्या आतबाहेर. उंची पावणेसहा फुटांच्या आत असेल तर प्रॉपच्या मागे लागू नका. आपल्याकडच्या ८०-८५ किलोच्या चपळ पैलवानाने हूकर व्हावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याला सगळ्यात जास्त टॅकल करावे लागतात, प्रत्येक टॅकलनंतर चेंडू त्याच्याच हातात येतो, आणि तिथे किलोंपेक्षा दम आणि डोकं जास्त लागतं.

भारतात जे रग्बी खेळलं जातं ते बहुतेक युनियन (१५ जणांचं मूळ रग्बी) किंवा सेव्हन्स (सात जणांचं). २०२५ मध्ये मुंबईत झालेली सहा संघांची रग्बी प्रीमियर लीगही सेव्हन्सचीच होती. पुण्यात जिथे रग्बीचा सराव चालतो तिथे जरूर जा. चेंडू झेलणं, पास देणं, अंगावर अंग घेणं तिथेच अंगवळणी पडेल. एक सवय मात्र दोन्हीकडे वेगळी ठेवावी लागते. युनियनमध्ये पडल्यावर चेंडू लगेच सोडून आपल्या लोकांच्या बाजूला ठेवावा लागतो. लीगमध्ये तो छातीशी घट्ट धरून स्वतःच घेऊन उठायचं. युनियनमधून आलेला खेळाडू पडल्या पडल्या हात लांब करून चेंडू मागे ठेवतो आणि चेंडू फुकट जातो.

पडणं आणि उठणं

हा सराव तालमीच्या हौद्यात करा. एप्रिल-मे मध्ये पुण्यातली मोकळी मैदानं फरशीसारखी कडक होतात. त्यावर रोज पडलात तर कोपर, गुडघे सोलतात, आणि डोकं आपटलं तर फार वाईट. तेल, हळद, ताक घालून मऊ केलेली तांबडी माती त्यापेक्षा कितीतरी बरी. वस्तादांना नीट विचारून वेळ मागा, हौद्यात अनवाणीच उतरा, सकाळची मेहनत संपल्यावर जा.

पडताना उताणं पडायचं नाही, हे पहिलं. उताणं पडलात की समोरचे दोघे छातीवर बसतात आणि पाच-सहा सेकंद गिळतात. तेवढ्यात त्यांचा बचाव दहा मीटर मागे जाऊन रांगेत उभा राहतो. शेवटच्या क्षणी कंबर वळवून गुडघे आणि कोपरं आधी टेकतील, चेंडू छातीखाली येईल आणि डोकं समोरच्या गोलरेषेकडे राहील, असं पडा. कोपर अंगाशी मिटलेलं हवं. हात ताठ करून टेकवला की मनगट किंवा खांदा जातो.

पंचाने ‘हेल्ड’ म्हटलं की धरणाऱ्यांना सोडावंच लागतं. त्याच क्षणी एक गुडघा पोटाखाली ओढा, दुसऱ्या पायाचा तळवा जमिनीवर रोवा, चेंडू एका हातात, दुसऱ्या हाताने जमिनीला रेटा देऊन उभे राहा. तोंड सरळ समोर. चेंडू पुढच्या पावलासमोर ठेवा आणि बुटाच्या तळव्याने मागे लोटा. मागे उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूकडे तो गडगडत न जाता सरळ सरकला पाहिजे.

चुका इथे ठरलेल्या होतात. घाईत पाय लावायचा राहतो आणि चेंडू हातानेच मागे ढकलला जातो. पूर्ण उभं राहण्याआधी खेळलं की तोल जातो. तिरकं उभं राहिलं तर चेंडू मागच्याच्या गुडघ्यावर आदळतो. मोबाइलवर वेळ लावा आणि दोन जोडीदार घ्या. एकाने पाठीवरून एक सेकंद दाबून धरायचं आणि सोडायचं. दहा वेळा उजवा पाय, दहा वेळा डावा. मग दोघांनी दाबायचं. तीन आठवडे रोज इतकंच केलं तरी फरक दिसतो.

पकडीचं टॅकलमध्ये रूपांतर

शेवटच्या दोन मीटरमध्ये पावलं छोटी करा. जो खांदा लावायचा त्याच बाजूचं पाऊल समोरच्याच्या पावलांजवळ पडलं पाहिजे. पाऊल लांब राहिलं की अंग ताणलं जातं आणि खांद्यात जोर उरत नाही. पाठ सरळ, हनुवटी वर, नजर त्याच्या पोटावर. डोकं बाजूला, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला. बाजूने टॅकल करताना डोकं नेहमी त्याच्या मागच्या अंगाला. डोकं त्याच्या वाटेत आडवं गेलं की त्याचा गुडघा किंवा कंबर थेट कानशिलावर बसते. खांदा लागला की दोन्ही हातांनी आवळा आणि पाच पावलं रेटत न्या.

लीगमध्ये बहुतेक टॅकल दोघा-तिघांचे असतात. पहिल्याने छाती-बरगडीला धरून चेंडू दाबायचा, दुसऱ्याने मांड्या आवळून पाय थांबवायचे, तिसरा आला तर त्याने अंग वळवून उताणं पाडायचं. कबड्डीतल्या पोरांना साखळी ठाऊक असते, त्यामुळे एकमेकांच्या वेळेवर येणं त्यांना लवकर जमतं. अडचण घोट्याची. घोट्यावर झेप घ्यायची त्यांची सवय इथे धोक्याची आहे, कारण १०० किलोचा माणूस पूर्ण वेगात असतो आणि झेपावणाऱ्याचं डोकं त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतं. मांडीच्या खाली झेपायचं नाही, असा सरावाचा नियमच ठेवा.

पैलवानाला दुसरीच काळजी. पट काढण्याची सवय त्याच्या उपयोगाची, पण कलाजंग आणि धोबीपछाड हौद्यातच ठेवून यायचे. समोरच्याला आडव्याच्या पलीकडे उचलून आपटलं तर धोकादायक फेक ठरते आणि मैदानाबाहेर जावं लागू शकतं. मानेला विळखा, हात पाठीमागे पिरगळणं, खाली असलेल्याच्या मानेवर छातीचा भार, धरलेल्या माणसाच्या पोटरीवर कंबर टाकून बसणं, या सगळ्याला शिक्षा आहे. वर्षानुवर्षांची सवय दमल्यावर आपोआप बाहेर येते, म्हणून हा सराव मुद्दाम दमल्यावरच करून पाहा. ताज्या अंगाने सगळेच नीट टॅकल करतात.

दम

सिंहगड चढणं, पर्वतीच्या पायऱ्या पळणं चांगलं. पायात ताकद येते, फुप्फुसं उघडतात. पण ती एका लयीतली मेहनत. फॉरवर्डची मेहनत तुटक असते आणि प्रत्येक तुकड्यात जमीन असते.

दहा मीटर अंतरावर दोन रेषा आखा. पुढच्या रेषेवर छातीवर झोपा. शिट्टी झाली की उठा, चेंडूवर नजर ठेवत मागच्या रेषेपर्यंत जा, तिथून पूर्ण वेगाने पुढे या, जोडीदाराच्या हातातल्या पॅडला खांदा लावून पाच पावलं रेटा आणि पुन्हा छातीवर झोपा. अशा सहा फेऱ्या म्हणजे एक सेट, साधारण एक मिनिटाचा. मग एक मिनिट विश्रांती. पहिल्या आठवड्यात चार सेट, दर आठवड्याला एक वाढवत आठपर्यंत. आठवड्यातून दोनच दिवस. त्यानंतर वीस मिनिटं काम, पंधरा मिनिटं विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं, असा सराव करा, कारण प्रॉप बहुधा असाच दोन तुकड्यांत खेळतो. एनआरएल (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची व्यावसायिक लीग) आणि इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये संघाला आठ बदल मिळतात, त्यांतले बरेचसे प्रॉपवर खर्च होतात.

चौथ्या फेरीला हात गुडघ्यांवर जातात. तिथे जोडीदाराने ओरडलं पाहिजे. हात गुडघ्यांवर असलेल्या फॉरवर्डच्याच अंगावर समोरचा संघ पुढची धाव पाठवतो.

वजन आणि खुराक

जोर-बैठका चालू ठेवा, पण लोखंड उचलल्याशिवाय १०० किलोचा प्रॉप घडत नाही. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, चिनअप आणि मानेचा व्यायाम आठवड्याला तीन दिवस. स्वतःच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट होईपर्यंत मोठ्या माणसांच्या टॅकलमध्ये उतरू नये. वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढवा. त्याहून वेगाने वाढलं तर ती बहुतेक चरबी असते आणि तीच पन्नास वेळा उठताना उचलावी लागते.

तालमीचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, ताकद देतो, पण १०० ग्रॅम बदामांतून जवळपास ६०० कॅलरी आणि फक्त २१ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ८५ किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण १५० ग्रॅम प्रथिनं हवीत. सहा अंडी (३६), एक लिटर दूध (३२), २०० ग्रॅम कच्च्या वजनाचं चिकन (४५) आणि ५० ग्रॅम सुके सोया चंक्स (२६) एवढ्यावर १३९ होतात. उरलेली उसळ-भाकरीतून निघतात. चिकन खात नसाल तर २०० ग्रॅम पनीर. जिममधल्या डब्यातली अनोळखी पावडर घेऊ नका. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच धरतात, डबा विकणाऱ्याची नाही.

डोकं, कान, खांदा

डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान हरपलं, तरी त्या दिवशी खेळ बंद. एनआरएलमध्ये मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं तर २०२३ पासून किमान ११ दिवस बाहेर बसावं लागतं, आणि तिथे डॉक्टर मैदानाशेजारी उभे असतात. आपल्याकडे ते नसतात, म्हणून तीन आठवडे थांबा. ‘काही नाही, चाललंय’ म्हणणाऱ्या पोराला बाहेर काढणं वस्तादाचं आणि मित्रांचं काम आहे. कान सुजला तर दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडून रक्त काढून घ्या, नंतर तो तसाच घट्ट होतो. खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची भीती असते. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्याशिवाय टॅकल नको.

बाहेर जाण्याचा रस्ता

पूर्ण वेळ पगार देणारं रग्बी लीग मुख्यतः दोन ठिकाणी आहे : ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एनआरएल, मार्च ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, आणि इंग्लंडच्या उत्तर भागातली सुपर लीग, फेब्रुवारी ते ऑक्टोबर, जिच्यात दक्षिण फ्रान्सचा कॅटलान्स क्लबही खेळतो. करार बहुधा एक ते तीन वर्षांचे. फॉरवर्ड जेसन टाउमालोलोला एनआरएलमधल्या नॉर्थ क्वीन्सलँड क्लबने २०१७ मध्ये दहा वर्षांचा करार दिला, पण तसं उदाहरण हिशेबात धरू नये. सुपर लीगच्या खालच्या क्लबांतले बरेच खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करतात. पुण्याहून जाणाऱ्याने तीच पायरी आधी धरावी, म्हणून शिक्षण किंवा हातातलं काम सोडू नका. वेल्डिंग, इलेक्ट्रिकचं काम, फिजिओथेरपी, काहीही चालेल.

ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत १८ ते ३० वर्षांच्या पदवीधर भारतीयांना सोडतीने दोन वर्षांचा व्हिसा मिळतो. खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून पैसे घेता येत नाहीत. हौशी क्लबात खेळता येतं. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांसाठी ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा उघडला, वर्षाला १,००० जागा, तोही सोडतीने. व्यावसायिक करारासाठी क्लबचं प्रायोजकत्व आणि तिथल्या रग्बी लीग संघटनेची मान्यता लागते. पैसे मागून ‘क्लबात जागा देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. अर्ज नेहमी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच.

क्लबला पाठवायचा व्हिडिओ अख्ख्या सामन्याचा हवा. निवडक झलकी पाहून प्रशिक्षकाला फॉरवर्ड कळत नाही. चेंडू हातात नसताना तो किती वेळा उठला, दहा मीटर मागे पोचला का, दमल्यावर डोकं कुठल्या बाजूला ठेवलं, हे त्याला बघायचं असतं. मोबाइल मैदानाच्या मध्यरेषेवर, शक्य तितक्या उंचीवर, आडवा आणि स्टँडवर बांधून लावा. पूर्ण बचावफळी चौकटीत दिसली पाहिजे. सोबत एका ओळीत जर्सीचा नंबर, जन्मवर्ष, उंची, वजन आणि त्या सामन्यातल्या धावा, टॅकल आणि हुकलेले टॅकल लिहा. हुकलेल्यांचा आकडा खरा लिहा; प्रशिक्षक व्हिडिओ थांबवून स्वतः मोजतात.