आव्हिन्योंचा वीकएंड: शनिवारी आधी आर्ल गाठा

दक्षिण फ्रान्समध्ये दोनच दिवस हाताशी असतील तर मार्सेय, नीस, आर्ल सगळं कोंबायला जाऊ नका. मुक्काम आव्हिन्योंत, तोही तटबंदीच्या आत ठेवा. मग शहरात बसचीही गरज पडत नाही.

पॅरिसहून वेगवान टीजीव्ही गाडी पावणेतीन तासांच्या आत पोचवते, पण ती बहुधा गावाबाहेरच्या ‘आव्हिन्यों टीजीव्ही’ स्टेशनात थांबते. तिथून लोकल पकडून पाचेक मिनिटांत ‘आव्हिन्यों सांत्र’ला उतरायचं. टॅक्सीवर उगाच पैसे घालवू नका.

खरी मेख दिवसांच्या क्रमात आहे. बहुतेक जण शनिवारी आव्हिन्यों आणि रविवारी आर्ल करतात. उलटं करा. आर्लचा मोठा बाजार शनिवारी सकाळी बुलव्हार दे लीसवर भरतो आणि दुपारी आवरतो. ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज, फुगास नावाचा पाव, मोसमात पीच; शाकाहारी माणसाचं जेवण तिथेच होतं. पोट भरलं की रोमन अँफिथिएटर बघा. ट्रेनने वीसेक मिनिटांत परत.

रविवारी बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे तो दिवस चौदाव्या शतकातल्या पोपच्या राजवाड्याला आणि बावीसपैकी चारच कमानी उरलेल्या पुलाला द्या. राजवाड्याला घाई करू नका.

जुलैत नाट्यमहोत्सव असतो. नाटकं बघायची नसतील तर तो महिना टाळा, खोल्यांचे भाव अंगावर येतात. आणि विंडचीटर घ्याच. मिस्त्राल वारा सुटला की छत्री उलटीच होते.