जपानमध्ये नवीन आहात? फुरुसातो नोझेइ करण्याआधी १ जानेवारीचा हिशोब समजून घ्या

टोकियोतल्या निशी-कसाईला घर लागलं, पगार सुरू झाला, की ऑफिसातलं कुणीतरी सांगतं, "फुरुसातो नोझेइ कर, तांदूळ फुकट येतो." २००८ पासून चालू असलेल्या या योजनेत तुम्ही पसंतीच्या गावाला किंवा शहराला देणगी देता. २,००० येन तुमच्या खिशातून जातात आणि बाकीची रक्कम, मर्यादेत असेल तर, इन्कम टॅक्स आणि रेसिडेंट टॅक्समधून वजा होते. हे २,००० अख्ख्या वर्षाचे, दर देणगीचे नव्हेत. गाव त्या बदल्यात स्थानिक माल पाठवतं. त्याची किंमत देणगीच्या ३० टक्क्यांपर्यंतच असावी, असा २०१९ पासून नियम आहे.

आपल्या लोकांचं नुकसान होतं ते तारखेमुळे. रेसिडेंट टॅक्स लागतो मागच्या वर्षीच्या कमाईवर, आणि तो घेतं ते गाव जिथे तुम्ही १ जानेवारीला राहत होतात. या वर्षीच्या देणगीची मोठी सूट पुढच्या वर्षीच्या रेसिडेंट टॅक्समध्ये मिळते. समजा १० टक्के इन्कम टॅक्सच्या टप्प्यातल्या कुणी सप्टेंबरमध्ये ६०,००० येन दिले आणि डिसेंबरमध्ये पुण्याला बदली झाली. १ जानेवारीला तो जपानचा रहिवासी नाही, म्हणजे रेसिडेंट टॅक्सच नाही आणि त्यातली सूटही नाही. रिटर्न भरून इन्कम टॅक्सचे सुमारे ५,९०० येन तेवढे हाती येतील. परत जाण्याची कुणकुण असेल तर देणगी डिसेंबरपर्यंत थांबवा. ३१ डिसेंबरच्या आत पैसे भरले गेले की त्या वर्षात धरतात.

मर्यादाही नीट काढा. वर्षाला ५० लाख येन पगार असलेल्या एकट्या माणसाला साधारण ६१,००० येन. जोडीदाराची कमाई नसेल तर ४९,०००. पण एप्रिलमध्ये आलेल्याला पहिल्या वर्षी नऊच महिन्यांचा पगार मिळतो, आणि हिशोब त्यावरच करायचा. भारतातल्या आईवडिलांना अवलंबित दाखवलं तर टॅक्स कमी होतो, त्याबरोबर ही मर्यादाही खाली येते. वेबसाइटवरच्या झटपट कोष्टकात हे धरलेलं नसतं. सविस्तर कॅल्क्युलेटर वापरा आणि निघालेल्या आकड्याच्या थोडं खालीच राहा. वरची रक्कम बहुतेक तुमच्या खिशातून जाते.

देणगी ज्याचा टॅक्स कापला जातो त्याच्याच नावाने आणि त्याच्याच कार्डाने. बायकोची जपानमध्ये कमाई नसेल तर तिच्या अकाउंटवरून दिलेल्या देणगीला सूट नाही. नावाचा घोळ तर आपल्याकडे ठरलेलाच: झाइर्यू कार्डावर (परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्रावर) आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी तीन नावं असतात आणि फॉर्मवर आपण दोनच लिहितो. कार्डावर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. पत्ताही नोंदणीतलाच हवा. वर्षाच्या मधे घर बदललं तर देणगी दिलेल्या प्रत्येक गावाला कळवा.

रिटर्न भरायची गरज नसलेल्या नोकरदारांसाठी २०१५ पासून वनस्टॉप अर्ज आहे, म्हणजे रिटर्न न भरताच ही सूट मिळते. वर्षाला जास्तीत जास्त पाच गावं. एकाच गावाला दोनदा दिलं तरी गाव एकच मोजतात, अर्ज मात्र दोन लागतात. माय नंबर कार्डाची (सरकारी ओळख क्रमांकाच्या कार्डाची) प्रत जोडून पाठवा, किंवा गावाने सोय दिली असेल तर फोनवर कार्ड टेकवून करा. अर्ज पुढच्या १० जानेवारीपर्यंत पोचलाच पाहिजे, नुसता टपालात पडून उपयोग नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे: दवाखान्याच्या खर्चासाठी किंवा गृहकर्जाच्या पहिल्या वर्षासाठी रिटर्न भरलं, की आधीचे सगळे वनस्टॉप अर्ज रद्द होतात. मग सगळ्या देणग्या त्या रिटर्नमध्ये घाला. जूनमध्ये रेसिडेंट टॅक्सचा कागद येतो. वनस्टॉप असेल तर देणगीच्या सुटीचा आकडा एकूण देणगी वजा २,००० इतका दिसायला हवा. कमी असेल तर वॉर्ड ऑफिसात विचारा.

वस्तू निवडताना फ्रीजर किती आहे ते पाहा. शाकाहारी घरांना तांदूळ, यामानाशीची द्राक्षं, यामागाताच्या चेरी बऱ्या. फळं हंगामातच येतात. उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर ती मागवू नका, परत गेलेलं पार्सल बहुधा पुन्हा मिळत नाही. "सवलतीत देणगी" दाखवणाऱ्या साइट बनावट असतात, त्यांच्यापासून दूर राहा.

तुम्हाला मिळणाऱ्या सुटीचा बराचसा पैसा तुमच्या वॉर्डाच्या तिजोरीतून जातो, हे मनात असू द्या. बऱ्याच गावांची ७५ टक्के तूट केंद्र भरून देतं. टोकियोच्या २३ वॉर्डांना काहीच मिळत नाही. तुमच्या मुलांची पाळणाघरं तोच वॉर्ड चालवतो. म्हणून आमचा आग्रह आहे की थोडी तरी देणगी वस्तू न घेता, गरज असलेल्या गावाला द्या. सूट तितकीच मिळते. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतर वाजिमा, सुझू या भूकंपग्रस्त शहरांच्या वतीने दुसऱ्या गावांनी देणग्या स्वीकारल्या, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांना पावत्या करायलाही सवड नव्हती. अशा वेळी पावती मध्यस्थ गावाच्या नावाने येते आणि वनस्टॉप अर्जही त्याच गावाला पाठवायचा असतो.