पिशवी काढायची ठरली असेल तर: आधीची तयारी आणि नंतरचे तीन महिने

पिशवीच्या (गर्भाशयाच्या) ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: ऑपरेशन कशासाठी, कुठल्या मार्गाने, आणि पिशवीबरोबर आणखी काय काय काढणार. तोंडी सांगितलेलं दवाखान्याच्या दारातच विसरायला होतं.

कारण पक्कं असलं पाहिजे. मोठ्या किंवा त्रास देणाऱ्या गाठी, पिशवीची भिंत सुजून जाड होणं (अडेनोमायोसिस), अंग बाहेर येणं, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर किंवा त्याआधीचे पेशींतले बदल, ही खरी कारणं. नुसतं अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते किंवा 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्यावर पिशवी काढायची नसते. पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं असतं आणि ते औषधाने बरं होतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. त्याच टोळ्या दर हंगामात आपल्या सातारा-सांगलीकडच्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात, तेव्हा ही गोष्ट लांबची समजू नका. वय चाळिशीच्या आत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. साताऱ्याचं सिव्हिल, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे स्त्रीरोग विभागाची ओपीडी असते. जास्त अंगावर जात असेल तर गोळ्या, तांबीसारखं आत बसवायचं हार्मोनचं साधन किंवा फक्त गाठ काढणं, आणि अंग बाहेर येत असेल तर रिंग, असे पर्याय आपल्या बाबतीत का चालणार नाहीत, हे स्पष्ट विचारा.

मार्ग तीन. पोटावर छेद देऊन, खालून (पोटावर टाका नाही), किंवा दुर्बिणीतून. पिशवी फार मोठी नसेल आणि चिकटलेली नसेल तर खालून किंवा दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन लवकर भरून येतं. आधीची सिझर झाली असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मूत्राशय तिथे चिकटलेलं असू शकतं आणि त्यावरून मार्ग बदलतो.

सगळ्यात जास्त गोंधळ बीजकोषांचा, म्हणजे ओव्हरीचा होतो. पिशवी काढली की पाळी थांबते, पण ओव्हरी ठेवल्या तर हार्मोन चालू राहतात. दोन्ही ओव्हरी काढल्या तर त्याच आठवड्यात अंगातून वाफा येणं, घाम फुटणं, झोप उडणं सुरू होऊ शकतं आणि पुढे हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पाळी जायचं वय झालेलं नसेल आणि ओव्हरीत आजार नसेल, तर त्या ठेवण्याकडेच कल हवा. 'एकदाच सगळं काढून टाका' हे घरच्यांनी ठरवायचं नाही. सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते. एका बाईच्या तपासणीदरम्यान, ती भुलीखाली असताना आईच्या होकारावर पिशवी आणि ओव्हरी काढल्या गेल्या. ते चुकीचं होतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यात नेमके कोणते अवयव लिहिलेत ते वाचा किंवा वाचून घ्या.

रक्त आधी भरून घ्या

वर्षानुवर्षं जास्त अंगावर जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ७-८ असणं आपल्याकडे नवलाचं नाही. तसंच टेबलावर घेतलं तर थोड्या रक्तस्रावातही बाटली लावावी लागते आणि नंतरचा थकवा महिनोन्महिने जात नाही. ऑपरेशन तातडीचं नसेल तर हिमोग्लोबिन १० च्या वर, जमलं तर १२ पर्यंत न्यायचा प्रयत्न करा. त्यासाठी किमान महिनाभर हाताशी हवा. लोहाची गोळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. शौच काळी होते, घाबरू नका. पोटात ढवळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. गोळी सोसत नसेल किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात. त्याचाही परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून ते आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. गूळ, खजूर, बीट चांगलेच, पण ७ चं हिमोग्लोबिन त्यांनी भरत नाही. मधल्या काळात रक्तस्राव थोपवायच्या गोळ्याही डॉक्टरांकडून मागून घ्या. नाहीतर इकडून भरायचं आणि तिकडून गळायचं, असं होतं.

बाकी तपासण्या म्हणजे रक्तगट, साखर, थायरॉईड, किडनी, लघवी, ईसीजी, सोनोग्राफी, पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी). वय ४५ च्या पुढे असून अनियमित जात असेल तर पिशवीच्या आतल्या थराचा तुकडा आधी तपासायला हवा. आत कॅन्सर असेल तर ऑपरेशनच वेगळं करावं लागतं.

मिश्री, औषधं आणि अंगावरचं सोनं

भूलतज्ज्ञ विचारतात, 'तंबाखू खाता का?' बाई 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उशिरा भरते. चार आठवडे आधी बंद करणं उत्तम, निदान तारीख मिळाल्या दिवसापासून तरी. ऑपरेशनच्या सकाळी तर मिश्रीची डबी घरीच राहू द्या. सासूबाईंना लाजून लपवलं तरी भूलतज्ज्ञांपासून लपवू नका.

चालू असलेली प्रत्येक गोळी पाकिटासकट दाखवा, वैद्याच्या पुड्यासुद्धा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरच ठरवतील. साखरेच्या काही गोळ्या (डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीतल्या) तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. थायरॉईडची गोळी सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर चालते. बीपीची कुठली घ्यायची आणि कुठली टाळायची, हे नावानिशी विचारा. खोकला असेल तर तो आधी बरा करा. खोकल्याचा प्रत्येक ठसका टाक्यांवर बसतो.

उपाशी राहायचं म्हणजे हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट आणि मटण-चिकन आठ तास आधी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दवाखान्याने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो जेवणात धरतात. 'अर्धा कप घेतला फक्त' म्हणून ऑपरेशन पुढे ढकलायची वेळ येते.

जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतात, ती आदल्या दिवशी घरीच साबण लावून काढा. ऑपरेशनला विजेवर चालणारं हत्यार वापरतात, म्हणून अंगावर धातू नको. निदान एका हाताची नखं बिनरंगाची आणि बिनमेंदीची ठेवा. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र रंगावरून चुकीचं वाचू शकतं. खालचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापतं आणि तिथे पू धरतो. गरज असेल तर दवाखान्यात मशीनने काढतात.

पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते भरती होण्याआधी विचारा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असल्याने नेमक्या ऑपरेशनचं नाव सांगून खात्री करा. योजनेचा फोन १५५३८८.

घराची तयारी

बाईची तयारी होते, घराची होत नाही, आणि टाके बिघडतात ते घरात. पिशवी काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला आत शिवण असते. पोटावरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकलेले दिसतात, आतल्या शिवणीला सहा ते बारा आठवडे लागतात. बाई 'बरी दिसते' तोच काळ सगळ्यात धोक्याचा.

पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. पंधरा लिटरचा हंडा भरला की भांडं धरून सोळा-सतरा किलो होतो. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. ओल्या कपड्यांची बादली, वैरणीचा भारा, दुधाची किटली, कडेवरचं नातवंड, सगळं यात आलं. पाणी कोण भरणार, धार कोण काढणार, हे जाऊ, नणंद, मुलगा, नवरा अशी नावं घालून आधीच ठरवा. 'बघू, होईल' म्हटलं की चौथ्या आठवड्यात तीच बाई हंड्याखाली दिसते. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, हळदीची काढणी, उसाची लागण यांपैकी जे तुमच्या घरी असेल त्याच्या किमान तीन महिने आधीची तारीख धरा, किंवा ते काम उरकल्यावरची. मात्र रक्तस्राव थांबत नसेल तर सुगीसाठी थांबू नका.

उकिडवं बसणंही पहिल्या सहा आठवड्यांत नको, म्हणजे चुलीपुढची भाकरी, भांगलण आणि भारतीय संडास. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची भाड्याने किंवा विकत मिळते, ती आधीच आणून ठेवा. झोपायला जमिनीवरची गादी नको, खाट हवी. मिक्सर, पीठ, डबे खालच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर घ्या.

दवाखान्यात न्यायच्या बॅगेत दोन-तीन सैल गाऊन, पॅड आणि एक साइज मोठ्या, बेंबीपर्यंत येणाऱ्या सुती चड्ड्या भरा. परकराची नाडी छेदाजवळच रुतते आणि घामाने तिथली कातडी सोलवटते. पोटावर छेद असेल तर महिनाभर गाऊनच बरा.

दवाखान्यातले दिवस

लघवीची नळी सहसा दुसऱ्या दिवशी काढतात. त्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही किंवा थेंब-थेंब होत असेल तर सिस्टरना सांगा. पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. पायाच्या पोटऱ्यांत रक्ताची गुठळी धरते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जाग आल्यापासून दर तासाला पावलं दहा-वीस वेळा वर-खाली करा आणि चोवीस तासांच्या आत आधाराने चार पावलं चाला. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या रेट्याने बसा. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे. दोन-तीन दिवसांत थांबतो.

नातेवाइकांना ट्रेमध्ये काढलेली पिशवी दाखवतात. त्याच वेळी 'तपासणीला पाठवणार ना?' असं विचारा.

घरी जाताना ट्रॅक्टर, मोटारसायकल नको. पाटण-जावळीच्या घाटवाटेने लांब जायचं असेल तर चारचाकीत उशी पोटावर ठेवून त्यावरून पट्टा लावा आणि तासाभराने थांबून चाला.

घरी

वेदनेची गोळी पहिले चार-पाच दिवस सांगितलेल्या वेळेला घ्या, कळ असह्य होईपर्यंत थांबू नका. दुखत असेल तर बाई चालत नाही, आणि चालली नाही तर पोट साफ होत नाही. कुंथणं आतल्या शिवणीला वाईट. दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी, पपई, पालेभाजी. तरी दोन दिवस शौच झाली नाही तर इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध.

भात खाल्ला की टाके पिकतात, हा समज घरोघरी आहे. भाताने टाके पिकत नाहीत. अस्वच्छ हात, ओली जखम आणि वाढलेली साखर यांनी पिकतात. मऊ भात, मुगाची आमटी, ज्वारीची भाकरी, अंडं, ताक सगळं चालतं. मात्र बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू आणि तूप सुरू केलं तर तीन महिन्यांत वजन वाढतं, दुसरं काही होत नाही. सांगलीची हळद दुधात घाला, टाक्यांवर नको. शेगडीचा शेकही नको. छेदाभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, भाजलेलं कळत नाही. पोटपट्टा चालताना आधाराला ठीक, पण दिवसभर घट्ट आवळू नका.

चालणं घरातल्या घरात पाच मिनिटांपासून सुरू करून रोज थोडं वाढवा. नळी निघून लघवी नीट होऊ लागली की ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम करा: वारा सरताना आवरतो तसं आत आकसून पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. शारीरिक संबंध, योनीत औषध किंवा बोट, विहिरीत-नदीत पोहणं हे डॉक्टरांनी आतून तपासून परवानगी देईपर्यंत बंद. किमान सहा ते आठ आठवडे, दुर्बिणीने केलं असेल तर काही डॉक्टर बारा सांगतात. नवऱ्याला हे दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सांगितलेलं बरं.

थोडं तपकिरी-गुलाबी जाणं काही आठवडे असतं. दोन-तीन आठवड्यांनी आतले टाके विरघळताना पुन्हा थोडं लाल दिसू शकतं. पण यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा: तासाभरात पॅड भिजणं, १००.४ च्या वर ताप, घाण वास, छेदातून पू, एका पोटरीला सूज आणि दुखणं, पोट फुगून उलट्या, बरगडीखाली पाठीत एका बाजूला कळ. नकळत सतत लघवी ठिबकत असेल तर तो 'अशक्तपणा' नव्हे. मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा झालेली असू शकते. हे एक-दोन आठवड्यांनीही सुरू होतं आणि बायका लाजेने महिनोन्महिने अंगावर काढतात. धाप लागली, छातीत दुखलं किंवा खालून काही बाहेर आल्यासारखं वाटलं तर १०८ ला फोन करा.

हलका स्वयंपाक दुर्बिणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, पोटावरच्या छेदानंतर चार-सहा आठवड्यांनी. स्कूटर सहा आठवड्यांनी. शेतातलं वाकायचं काम तीन महिन्यांनी, तेही अर्ध्या दिवसापासून. रडू येणं, चिडचिड, उदास वाटणं काही जणींना होतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तेही डॉक्टरांना सांगा. ओव्हरी काढल्या असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल पहिल्याच तपासणीत विचारा.

त्याच तपासणीला, काढलेली पिशवी लॅबमध्ये तपासल्याचा रिपोर्ट हातात घ्या. अनेकींचा तो लॅबमध्येच पडून राहतो. डिस्चार्ज कार्डावर पिशवीचं तोंड ठेवलं की काढलं, ओव्हरी किती राहिल्या, हे लिहिलंय का पाहा. तोंड ठेवलं असेल तर पॅप स्मिअर पुढेही करत राहावी लागते. दोन्ही कागदांचा मोबाईलवर फोटो काढा आणि मूळ प्रती रेशनकार्डाच्या फायलीत ठेवा. दहा वर्षांनी पोटात दुखलं तर पहिला प्रश्न 'ओव्हरी आहेत का?' हाच येतो.