माती तपासणीचा अहवाल गावच्या सभेत कसा समजावून सांगावा

मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ बाबी असतात. तासाभराच्या सभेत बाराही सांगत बसलात, तर घरी एकही पोचत नाही. मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीसाठी सामू (पीएच, म्हणजे जमीन आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून, शेणखतातून मातीत येणारा कर्ब) आणि लोह-जस्त एवढं धरा. बाकीचं कागदावर राहू द्या.

पहिलं काम आदल्या दिवशीचं. आपलं बोलणं गावातल्या एकाला ऐकवा आणि कोणत्या शब्दाचा त्यांनी काय अर्थ घेतला ते विचारा. ‘विद्युत वाहकता’ अवघड आहे हे दिसतंच. तिथे माणूस अडवून विचारतो तरी. घोळ होतो तो सोप्या दिसणाऱ्या शब्दांनी. ‘लोह उपलब्ध नाही’ म्हटलं, की मोंढ्यातल्या दुकानात माल आला नसेल असं वाटतं. ‘सामू ८.२’ हे तर दहापैकी गुण वाटतात, म्हणजे जमीन पहिल्या नंबरात! अशा शब्दांखाली रेघ मारून ठेवा. सामू सांगताना ७ म्हणजे मधोमध, त्याच्यावर गेला की जमीन विम्लतेकडे झुकली, हे फळ्यावर आडवी रेघ ओढून दाखवा.

सभेत आधी वस्तू दाखवा, नाव मागून. सोयाबीनचा पिवळा पडलेला शेंडा हातोहात फिरवा: कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. मातीत लोह आहे, पण चुनखडी आणि चढलेला सामू यांमुळे मुळांना ते उचलता येत नाही. कणगी भरलेली, पण खोलीला कुलूप. एवढं पटल्यावर मग ‘उपलब्ध’ हा शब्द उच्चारा. तो गाळू मात्र नका, पत्रिकेवर तोच छापलेला असतो. कुलूप म्हटलं की किल्लीचा प्रश्न येणारच. नुसतं फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत, अशा जमिनीत टाकलं तर तेही बरंचसं अडकतं, म्हणून पानांवर फवारायचं. उपमा इथेच सोडा; पुढे ताणली की कुलूप तोडायचं औषध कोणतं, असं विचारणारे निघतात.

आकडे पोत्यात आणि पंपात सांगा. फवारणीसाठी फेरस सल्फेटचं ०.५ टक्के द्रावण म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश या शिफारशीला अडीचने भागा, एकरी १२:२४:१२ येतं. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं. वर साडेसहा किलो युरिया आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशचं खत) घेतलं की हिशोब जवळपास जुळतो. हेक्टर-एकराची गल्लत झाली तर खत अडीचपट पडतं, म्हणून हा भाग फळ्यावर लिहूनच करा.

शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका; पाहुण्यासमोर सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी विचारा, ‘काका, दोन एकरांसाठी उद्या दुकानात काय काय मागाल?’ उत्तर ‘डीएपी दोन पोते, पोटॅश चाळीस किलो, युरिया तेरा किलो’ असं आलं तर ठीक. नुसतं ‘डीएपी’ आलं, तर फळ्यावरचा हिशोब पुन्हा मांडा, या खेपेला त्यांच्याच पत्रिकेवरून.