पोरांना घेऊन परदेशात जायचंय? मग तिकिटाच्या आधी हे करा

सगळ्यात आधी सगळ्यांचे पासपोर्ट काढून समोर ठेवा, तिकिटांचे रेट नंतर बघा. मोठ्यांचा पासपोर्ट पुष्कळ देशांत १० वर्षांचा मिळतो म्हणून आपण निवांत असतो, पण लहान मुलांचा बऱ्याचदा ५ वर्षांचाच असतो, आणि वर कितीतरी देशांना तो पुढे अजून ६ महिने चालणारा हवा असतो, म्हणजे चारच महिने उरले असतील तर पासपोर्ट चालू असूनही विमानात चढू देत नाहीत. आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेत असतील तर दुसऱ्याच्या सहीचं संमतीपत्र आणि मुलांचा जन्मदाखला जवळ असू द्या. सगळीकडे मागतात असं नाही, पण मागितलं की काउंटरवर उभं राहून काहीच करता येत नाही.

मग व्हिसा. मुलांचा अर्ज वेगळा, फोटो वेगळा, अगदी तान्ह्या बाळाचासुद्धा. शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावा लागतो, ६ वर्षांखालच्यांना फी नसते पण ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स मात्र त्यांचाही लागतो.

आता तिकीट. २ वर्षांखालचं बाळ मांडीवर बसवता येतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण परतीच्या दिवशी त्याचं वय किती असेल ते मोजायचं राहून जातं. आमच्या धाकटीचा दुसरा वाढदिवस नेमका ट्रिपच्या मधे आला, म्हणजे जाताना ती मांडीवर आणि येताना तिला स्वतःची सीट, आणि हे आम्हाला कळलं निघायच्या आठवडाभर आधी, तोपर्यंत शेजारची सीट कुठली उरायला! मिळाली ती तीन रांगा मागे, बिचाऱ्या एका काकांनी बदलून दिली म्हणून निभावलं. बाळाचा पाळणा लावायच्या जागा विमानात मोजक्याच असतात आणि त्याला वजनाची मर्यादाही असते, तेव्हा तिकीट काढल्याबरोबर फोन करून सांगून ठेवा. आणि मधे विमान बदलायचं असेल तर एक तासाचं कनेक्शन घेऊच नका, सगळे धावत असताना एकाला हमखास सू लागते.

डॉक्टरकडे ६ ते ८ आठवडे आधी जाऊन या. काही देशांना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो, ९ महिन्यांखालच्या बाळाला तर ती लस सहसा देतच नाहीत, त्यामुळे कधीकधी देशच बदलावा लागतो.

हँडबॅगेत औषधं, मुलांचा एक जोड कपडे आणि स्वतःसाठी एक टीशर्ट टाका (उलटी मुलाची असली तरी होते आपल्याच अंगावर). बाटल्या बहुतेक एअरपोर्टवर १०० मिलीच्या आतल्याच चालतात, बाळाच्या दुधाला सूट असते पण ते तपासणीला बाहेर काढून दाखवा. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, तीही हँडबॅगेतच.

विमान खाली यायला लागतं ते उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी, तेव्हा झोपलेल्या पोराला उठवा, कितीही जिवावर आलं तरी. लहान मुलांच्या कानातली नळी अरुंद असते, त्यामुळे दडा बसून ते कळवळतं, पण बाळाला दूध पाजलं, मोठ्याला पाण्याचे घोट घ्यायला लावले की गिळताना कान सुटतात.

तिथला प्लॅन दिवसाला एकच मोठी गोष्ट एवढाच ठेवा, आणि तीही सकाळी. दुपारी हॉटेल. पैसे वाया गेल्यासारखं वाटतं खरं, पण संध्याकाळी म्युझियमच्या फरशीवर आडवं पडून रडणारं पोर बघितलं की पटतं. पूर्वेकडे प्रवास असेल तर झोप जास्त बिघडते, पश्चिमेकडे गेलात तर उलट फार लवकर जाग येते. आमची दोघं पहिल्या पहाटे ३ वाजता टक्क जागी, मग शेजारच्यांची झोप नको मोडायला म्हणून बाथरूममधे दिवा लावून पत्ते खेळत बसलो. पहिले दोन दिवस कशाचंही बुकिंग करू नका.

बाहेर पडताना रोज सकाळी मुलांचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, आणि मनगटावर पेनाने आपला नंबर लिहा, देशाच्या कोडसकट.