सभामंडपावरचा 20 फुटी तांब्याचा घुमट: माप घेण्यापासून कळस बसेपर्यंत

गावागावात मंदिरांचे जीर्णोद्धार चाललेत आणि सभामंडपावर आरसीसी घुमटाऐवजी लोखंडी सांगाडा आणि वर तांब्याचा पत्रा असं काम बऱ्याच कमिट्या मागायला लागल्यात, त्यामुळे जे पोरं फॅब्रिकेशनमध्ये आहेत आणि आजवर गेट, ग्रिल, शेड एवढंच केलंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. उदाहरण म्हणून 20 फूट व्यास आणि 6 फूट उंचीचा घुमट धरलाय, तुमची मापं वेगळी असली तरी रीत हीच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ड्रॉइंगमधलं माप हे तुमचं माप नाही. तुमचं माप म्हणजे स्लॅबवरची ती गोल रिंग बीम, जिच्यावर घुमट बसतो, आणि ती कधीच पूर्ण गोल नसते. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी एकच व्यास मोजला, बरोबर 20 फूट आला, खुश होऊन सगळ्या फासळ्या (सांगाड्याचे वाकवलेले उभे पाइप) बनवल्या, आणि वर नेल्यावर कळलं की आडव्या बाजूला तोच व्यास 19 फूट साडेनऊ इंच आहे. अडीच इंचाचा फरक. चार फासळ्या वरच कापून परत वेल्ड केल्या, ते सांधे मला आजही खटकतात. म्हणून कमीत कमी आठ दिशांनी व्यास मोजा, मध्यबिंदू ओळंब्याने खाली फरशीवर उतरवून घ्या आणि पाण्याच्या ट्यूब लेव्हलने रिंगची उंची चौफेर तपासा. हा अर्धा दिवस जातो तो जाऊ द्या.

आता गणित. घुमट हा एका मोठ्या गोळ्याचा वरचा तुकडा, त्या गोळ्याची त्रिज्या काढायची. निम्म्या व्यासाचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, भागिले उंचीची दुप्पट. म्हणजे 10 चा वर्ग 100, 6 चा वर्ग 36, बेरीज 136, भागिले 12, आले 11.33 फूट म्हणजे 11 फूट 4 इंच. रोलिंगवाल्याला पाइप याच त्रिज्येने वाकवायला सांगायचा, 10 फुटाने नाही, ही चूक खूप जण करतात. पत्र्याचं क्षेत्रफळ त्याच 136 ला 3.14 ने गुणून, साधारण 427 चौरस फूट, वर सांधे आणि कटिंगची घट धरून 500 च्या पुढेच मागवा.

सांगाड्यासाठी आम्ही 50 बाय 50 चा 3 एमएम स्क्वेअर पाइप घेतो, पण सेक्शन तुम्ही ठरवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्याच. याचं कारण नीट समजून घ्या. आरसीसी घुमटाची भीती वजनाची असते, धातूच्या घुमटाची भीती वाऱ्याची. आयएस 875 या भारतीय मानकाच्या भाग 3 मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद आणि मुंबईसाठी 44 दिलाय. 39 चा वर्ग करून 0.6 ने गुणा, साधारण 913 न्यूटन म्हणजे 93 किलो दर चौरस मीटरला येतात. आपल्या घुमटाखालची जागा 29 चौरस मीटर, म्हणजे याच्या निम्मी जरी ओढ वरच्या दिशेने बसली तरी तेराशे किलोच्या वर जाते, आणि अख्खा घुमट कळसासकट टनाच्या आत असतो. तो उडू नये म्हणून धरून ठेवायचाय, नुसता बसवायचा नाही. शिवाय फासळ्या खाली बाहेरच्या बाजूला रेटा देतात, म्हणून तळाची रिंग अखंड हवी, तिचा प्रत्येक सांधा फुल वेल्ड, तिथे टॅक (नुसता ठिपक्याएवढा वेल्ड) मारून पुढे जायचं नाही.

फासळ्या 24 घ्या, पण सगळ्या वरपर्यंत नेऊ नका. वरची रिंग 2 फुटी असेल तर तिच्यावर 24 पाइप आले की दोन पाइपांमध्ये जेमतेम 30 एमएम जागा उरते, तिथे वेल्डिंगचा रॉड घालणार कसा? म्हणून एकआड एक 12 वरपर्यंत आणि बाकीच्या 12 मधल्या एका आडव्या रिंगवर संपवायच्या. मोठी फासळी साधारण 11 फूट 3 इंच येते, पण रोलिंग मशीनमध्ये पाइपची दोन्ही टोकं फूटभर सरळच राहतात, तेव्हा सव्वातेरा फूट कापून द्या आणि वाकवून आल्यावर टोकं छाटा. 20 फुटी पाइपमधून उरलेले तुकडे आडव्या रिंगांना जातात, वाया काही जात नाही.

वर्कशॉपच्या फरशीवर खडूने फुल साइज मारा. 11 फूट 4 इंचाची दोरी खिळ्याला बांधून कमान काढली की प्रत्येक फासळी त्या रेषेवर ठेवून तपासता येते. मग जमिनीवरच अख्खा सांगाडा उभा करा, फिट करा, आणि सुटा करण्याआधी प्रत्येक सांध्यावर पंचाने नंबर ठोका. खडूचे नंबर एका पावसात जातात. रंगसुद्धा खालीच, ग्राइंडिंग, झिंक प्रायमर, इपॉक्सी, वर गेल्यावर फक्त सांध्यांचा टचअप.

आता पाकळ्या, म्हणजे तळापासून वर निमुळते होत जाणारे पत्र्याचे तुकडे, आणि खरं कौशल्य इथे आहे. तळाचा घेर 62.8 फूट, 24 ने भागला की पाकळी खाली 31.4 इंच रुंद. बरेच जण खाली 31.4 आणि वर शून्य असा सरळ त्रिकोण कापतात. पण पाकळीची पूर्ण लांबी सव्वाबारा फूट, तिच्या बरोबर मध्यावर त्रिकोणाची रुंदी 15.7 इंच येते आणि घुमटाला तिथे लागते 18.3 इंच. एका पाकळीत 2.6 इंच कमी, 24 पाकळ्यांत पाच फूट! तांबं आज ज्या भावात आहे त्यात ही चूक परवडणारी नाही. म्हणून दर फुटाला त्या उंचीचा घेर काढा, 24 ने भागा, दोन्ही बाजूला खुणा करून लवचिक पट्टीने जोडा, बाजू पोट काढल्यासारखी बाहेर येईल. आधी हार्डबोर्डचा फरमा करा, तो सांगाड्यावर तीन-चार ठिकाणी लावून बघा आणि मगच तांब्याला कातर लावा. उभ्या दुमडीच्या सांध्यासाठी दोन्ही कडा मिळून सुमारे 3 इंच जास्त ठेवा, म्हणजे 36 इंची रोलमध्ये पाकळी बसते.

पत्रा 22 किंवा 24 गेजचा, मऊ घ्या. कडक पत्रा दुमडताना चिरतो. पाकळ्या 4 फुटी व्यासापर्यंतच आणा, त्याच्या वर सांधे इतके जवळ येतात की पाणी अडतं, तिथे वेगळी टोपी बसवा जी पाकळ्यांवर सहा इंच येईल. ही टोपी आणि कळस आम्ही पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या परंपरेतल्या कारागिरांसारखं काम येणाऱ्या माणसाकडून ठोकून घेतो. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, ते भट्टीत लालसर तापवून पाण्यात बुडवलं की परत मऊ, मग परत मठारायचं, म्हणजे हातोडीने ठोकून घडवायचं. मठारकामाचे ते बारीक ठसे उन्हात जे चमकतात ते कुठल्याही प्रेसला जमत नाही, पैसे जास्त गेले तरी इथे हात आखडू नका.

तांबं आणि लोखंड एकमेकांना कधीच चिकटू देऊ नका. ओल लागली की तांबं टिकतं आणि लोखंड खाल्लं जातं. म्हणून सांगाड्यावर 6 एमएम मरीन प्लायच्या पट्ट्या दोन थरात, वर अंडरले (पत्र्याखालचा थर), मग पत्रा. पत्रा धरणारे क्लिप तांब्याचे, स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस, जीआयचा (झिंकचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) एकही नाही. घुमटावरून ओघळणारं पाणीसुद्धा खालच्या जीआय पत्र्यावर पडू देऊ नका, त्याचं झिंक जातं. आणि पत्र्याला आरपार रिव्हेट मारायचा नाही. पहाटेची थंडी ते मे महिन्याचं दुपारचं ऊन यात 55 अंशांचा फरक धरला तर एवढ्या लांबीचं तांबं साडेतीन मिलिमीटर वाढतं, क्लिपमध्ये त्याला सरकायला जागा हवी, नाहीतर पत्रा फुगे धरतो आणि रात्री कडकड वाजतो.

चढवताना आधी तळाची रिंग केमिकल अँकरवर (भोकात रसायनाने पक्के केलेले बोल्ट), खालून नट फिरवून लेव्हल, मग खालची फट ग्राउटने भरा. मध्यभागी पराची उभारून त्यावर वरची रिंग ओळंब्यात ठेवा आणि फासळ्या जोडीजोडीने समोरासमोर लावा, एकीकडून लावत गेलात तर रिंग ढकलली जाते. सगळे बोल्ट बसल्याशिवाय वेल्डिंग नाही. हायड्रा क्रेन सकाळी वारा पडलेला असताना बोलवा, पत्र्याची पाकळी वाऱ्यात शिडासारखी ओढते, आणि वर असलेल्या प्रत्येकाला सेफ्टी बेल्ट, अर्ध्या तासाचं काम असलं तरी.

कळसाचा पाइप वरच्या रिंगला बोल्टने, त्याभोवती तांब्याची कॉलर, नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर ठेवू नका. कळस हा उंचावरचा उघडा धातू, त्यावर वीज पडू शकते, तेव्हा समोरासमोर दोन तांब्याच्या पट्ट्या खाली जमिनीपर्यंत आणून अर्थिंग कराच. कलशारोहणाचा मुहूर्त आधीच ठरलेला असतो, पत्रिका छापलेल्या असतात, आणि शेवटचे चार दिवस सगळे घाई करतात. कमिटीला सुरुवातीलाच सांगा की मुहूर्ताच्या आठ दिवस आधी दोन तास पाइपने पाणी मारून बघणार, आणि ते आठ दिवस कुणालाही देऊ नका.

रंगाबद्दलही आधीच बोला. नवा घुमट लखलखतो, काही महिन्यात तपकिरी, मग काळपट होतो. समुद्राकाठी हिरवा थर लवकर धरतो, घाटावर कोरड्या हवेत वर्षानुवर्षं काळपटच राहतो. कमिटीतले जाणते लोक दरवर्षी चिंचेने घासायचं म्हणतील, घासू देऊ नका, तो थरच पत्र्याला जपतो. पहिल्या पावसाळ्यानंतर मात्र तुम्ही स्वतः एकदा वर चढा, तळाचे सगळे बोल्ट पान्याने तपासा आणि आतून प्लायवर कुठे ओलीचा डाग आहे का ते बॅटरी मारून बघा.